झडतीकाकांचा दगड

डोंगरावरच्या पडक्या किल्ल्याच्या पहारेकऱ्याला सगळे झडतीकाका म्हणत. किल्ला पाहून उतरणाऱ्या प्रत्येकाला ते दाराशी अडवायचे, पिशवी ओतायला लावायचे, वर खिसेही उलटे करायला लावायचे. एकदा तर म्हणे एका नवरदेवाचे बूट काढून पाहिले! 'सातशे वर्षं शत्रूला जमलं नाही, ते हे सहलीवाले करतील. खिशाखिशातून किल्ला नेतील,' हे काकांचं ठाम मत.

आणि बालंट आलं ते नेमकं याच माणसावर. इतिहासखात्याच्या मॅडम जुना फोटो घेऊन आल्या. फोटोत किल्ल्याच्या दारावर अक्षरं कोरलेला दगड होता, एक कोपरा तुटलेला. आता तिथं नुसतं भगदाड. किल्ला राजानं बांधला की लुटारूनं, हे त्या अक्षरांवरून ठरणार होतं.

"तुम्ही चार्ज घेतलात तेव्हा दगड जागेवर होता. रजिस्टरात तुमची सही आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्यापर्यंत सांगा, गेला कुठे? नाहीतर पहारा दुसऱ्याकडे जाईल."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. चार्ज दिला होता आधीच्या पहारेकऱ्यानं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या वडिलांनी. आयुष्यात तेवढी एकच सही काकांनी न बघता ठोकली होती.

पण काकांचा संशय गेला मॅडमवर. एवढा पुळका कशाला हिला? काहीतरी काळंबेरं आहे! मॅडम उतरायला निघाल्या, तेव्हा काकांनी त्यांचीही झडती घेतली. निघाली एक मोजपट्टी आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. तरी मन मानेना, म्हणून ते त्यांच्या मागोमाग डोंगर उतरले.

पायथ्याला काकांचंच घर. मॅडम पायरीवर बसून पाणी पीत होत्या. काका लपतछपत मागच्या अंगणात गेले. बायको धुणं धूत होती. तिच्या हाताखालच्या दगडाचा एक कोपरा तुटलेला होता.

"अगं, हा दगड आला कुठून?"

"घ्या! आपल्या लग्नानंतर बाबांनीच नाही का आणला? म्हणाले, सूनबाईला धुण्याला चांगला दगड हवा. आता माझ्यावरही संशय?"

काकांनी दगडाखाली हात घातला. बोटांना अक्षरं लागली. त्यांना रडूच कोसळलं. 'सहलीवाल्यांनी नेला' म्हटलं असतं, तर कुणालाही पटलं असतं. बाबांचं नावही राहिलं असतं.

डोळे पुसून ते पुढच्या दारी आले. मॅडमसमोर उभे राहिले आणि स्वतःचे दोन्ही खिसे उलटे केले.

"मॅडम, आता माझी झडती घ्या. मागच्या अंगणापासून सुरू करा."