घडी मोडायला

साडी फॉल लावायला टाकावी म्हणून दुकानात गेले, तर गल्ल्यापाशी विशीतली एक मुलगी काम मागत उभी होती.

"अनुभव?" मालकांनी विचारलं.

"नाही. पण आईच्या साड्यांच्या घड्या मीच घालते."

मालकांनी गादीवर पसरलेली जांभळी साडी तिच्याकडे सरकवली. तिने ती झटकली, आणि क्षणभर सगळं दुकान जांभळं होऊन तरंगलं. मग जुन्या घडीच्या रेघा बोटांनी चाचपत ती सावकाश घडी घालू लागली.

मला आत्या आठवली. नवी साडी घेतली की ती आधी मला नेसायला द्यायची. कोऱ्या साडीची घडी आपल्या माणसाने मोडावी, म्हणायची. मला धड निऱ्याही जमत नव्हत्या तेव्हा. साडी मळेल, फाटेल, असं तिच्या मनातसुद्धा येत नसे. पहिल्यांदा हातात देणारं असं कुणीतरी लागतंच.

"बघतो. उद्या सांगतो," मालक म्हणाले. मुलगी घडीवरून उगाच हात फिरवत राहिली.

मला साडी घ्यायची नव्हती. तरी गादीवर मांडी घालून बसले आणि तिला म्हटलं, "अगं, हीच जरा उलगडून दाखव ना मला."