दोन बोटांचं जाळं

आमच्या बुवापाड्यातले पागवाले चाचा कुठलीही जाळी दिसली की तिच्यात दोन बोटं घालून बघत. कांद्याची गोणी असो की खिडकीची जाळी, "पिल्लू सुटेल काय यातनं?" हा प्रश्न ठरलेला. मला वाटायचं, म्हातारा जरा सरकलाय.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते दारात बसून बांबूच्या चपट्या सुईने पाग विणत. पाग म्हणजे खाडीत फेकायचं गोल जाळं. अंबरनाथला कुठली आलीय खाडी? मला नसत्या चौकशांची खोड, म्हणून विचारलंच. म्हणाले, "जकात हाय माझी. गावच्या खाडीवर ज्यांना होडी नाय, त्यांना." गरिबांसाठी दरवर्षी काढायचा वाटा ते जाळ्यांच्या रूपात देत. चालेल का, हे मौलानांना आधीच विचारून घेतलं होतं.

"पण चाचा, त्यांनी बारकी मासळीसुद्धा उपसली तर?"

"दिला तो त्यांचा हक्क, पोरी. वर अट घालायची नाय. काय सांगायचा तो गाठीत सांगायचा."

दोन बोटं जातील एवढं भोक ठेवलं की पिल्लं निसटतात आणि पुढच्या वर्षीही खाडीत मासळी राहते. मी थक्क झाले. आमच्याकडे जयंतीची वर्गणी दिलेला माणूस वर्षभर ऐकवतो.

एका रमजानात चाचांचा उजवा हात लुळा पडला. अर्धा विणलेला पाग गावच्या हमीदाबाईंसाठी होता. नवरा गेल्यापासून त्या कालवं वेचून दोन मुलांना जगवत होत्या. मी कॅम्प पाचच्या कारखान्यात जीन्स शिवायचे, दोऱ्याची सवय होती. म्हटलं, मी पुरा करते. चाचांनी गाठ शिकवली आणि ईदच्या आदल्या दिवशी पाग तयार झाला. गावचा टेम्पो दारात उभा होता.

चाचांनी डाव्या हाताची दोन बोटं घातली. जाईनात. मी माझ्या बोटांनी मापलं होतं, आणि माझी बोटं काड्यांसारखी.

"चालवून घ्या ना, चाचा. तिची ईद आहे."

"आणि पुढच्या सालाला तिची पोरं काय खातील?"

त्यांनी टेम्पो रिकामा पाठवला. मग फोन लावून हमीदाबाईंची माफी मागितली, आठ दिवस मागून घेतले. देणारा माणूस माफी मागताना मी पहिल्यांदाच पाहिला. मी माझ्या सगळ्या ओळी कापल्या आणि पुन्हा विणल्या.

त्याच वर्षी थंडीत चाचा गेले. भेटायला आलेल्या हमीदाबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ती ईद सुकीच गेली, बाय. पन खाडीत मासली हाय."

चाचांची फार आठवण येते. रमजान लागला की मी एक पाग विणायला घेते आणि प्रत्येक भोकात तीन बोटं घालून बघते. माझी तीन म्हणजे त्यांची दोन.