त्याला सूफी म्हणू नका

"तुमच्याकडे वाजवणं रक्तातच असतं, नाही का?"

सिंगापूरच्या बिशान भागात, काकांच्या फ्लॅटमध्ये पंधरा-वीस मराठी माणसं बसली होती. त्यांच्यासमोर काकांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग वडील काय करतात ते. मी म्हणालो, हलगी वाजवतात. त्यावर हे. लोक कौतुकाने हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

वडील वरातीपुढे तासन्‌तास वाजवतात. जेवायला शेवटी, मांडवामागे. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. शिष्यवृत्तीवर सिंगापूरला आलो.

काका रॅफल्स प्लेसला एका बँकेत मोठ्या पदावर आहेत. नात्यातले नव्हेत, इथे सगळेच त्यांना काका म्हणतात. रविवारी दुपारी त्यांच्याकडे गाणी ऐकायची बैठक असते. माझ्या इंटर्नशिपसाठी शब्द टाकतो म्हणाले होते. म्हणून बोलावलं तसा गेलो. या वेळी मी एका तुर्की गायकाची गाणी लावायची, दोन शब्द बोलायचे.

तो गायक मला एलिफमुळे कळला. ती माझ्या वर्गात आहे, इस्तंबूलची. तिचे वडील कापडगिरणीत होते. संपात नोकरी गेली. या गायकाच्या गाण्यांवर सरकारची बंदी होती, तरी ते दारं-खिडक्या लावून त्याच्या कॅसेटी ऐकायचे. एलिफने मला प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. शेवटी म्हणाली, "आता आमच्याकडे हीच गाणी महागड्या हॉटेलांत लावतात. जेवताना." मला वाटलं, ही उगाच कडवट बोलते.

पहिलं गाणं लागलं. सगळ्यांनी डोळे मिटले.

"वा, काय सूफी आहे!" एक काकू म्हणाल्या.

काकांच्या मुलीने फोनमधून मान वर केली. "नो ला, तो सो अँग्री साउंड करतोय," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी चाचरत म्हणालो, "काकू, सूफी नाही हे. गिरणीतून काढलेल्या मजुरांचं गाणं आहे. मालकाला विचारलेले प्रश्न आहेत."

"अरे, अर्थात शिरू नकोस, मूड जातो," काका म्हणाले. मग जवळ येऊन, हळू आवाजात, "बुधवारी बँकेत बोलणार आहे मी तुझ्याबद्दल. कळलं ना?"

तेव्हा मला संशय आला. यांना हे गाणं कळत नाही म्हणूनच आवडतंय का? संशय माझाही आला. तुर्की मजुराचं दुःख सांगायला मला धीर होता. वडिलांचं सांगताना मी हसलो होतो.

मी गाणं बंद केलं.

"काका, माझ्या वडिलांच्या रक्तात हलगी नाही. गावाने त्यांना दुसरं काम करू दिलं नाही. या गाण्यातही तेच आहे. ऐकायचं तर अर्थासकट ऐका."

काकू चहा बघायला उठल्या. काका म्हणाले, "आता यात जात कुठून आली?"

मी जात हा शब्द उच्चारलाच नव्हता.

बुधवार गेला. फोन आला नाही.

तुम्ही हे वाचून वा म्हणाल, याचीही मला धास्ती आहे. म्हणू नका. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या सभागृहात मी हीच गाणी लावणार आहे. एलिफ तिच्या वडिलांबद्दल बोलेल, मी माझ्या. आधी अर्थ, मग गाणं. मध्ये कुणी थांबवलं, तर पुन्हा पहिल्यापासून.