ठेवल्याचे पैसे

भाऊजी कधीच स्वतःहून फोन करत नाहीत. त्यामुळे त्या दुपारी शाळेत मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मी वर्गाबाहेर आले. ते म्हणाले, "रंजू... ताई गेली तुयी." एवढंच. भंडाऱ्याहून आसगावला पोहोचेपर्यंत मला ताईचा आवाज आठवत राहिला. आमच्या घरात मोठ्यानं बोलणारी ती एकटीच होती.

सिंधूताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. माझी वेणी तिनं घातली आणि स्वतःचा नवराही स्वतःच निवडला. भाऊजी तलावात मासे धरायचे, ताई ते बाजारात विकायची. गिऱ्हाइकाशी हुज्जत, हसणं, उधारी, सगळं तिच्याकडे. भाऊजी जाळं विणत मागे बसलेले. "दोघायच्या वाटनीचं मीच बोलतो," असं ती म्हणायची आणि ते खाली बघून हसायचे.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता तलावाच्या पाळीवर भाऊजींना साप चावला. सरकारी दवाखान्यात पहिलं इंजेक्शन झालं, पण श्वास अडकायला लागला म्हणून मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. जवळचा मोठा म्हणजे खासगीच. तिथं आत घेण्याआधी पैसे मागितले. ताईनं योजनेचं कार्ड पुढं केलं. "हे इथं चालत नाही," एवढंच उत्तर. कुठं चालतं, हे विचारायला वेळ कुणाला होता? भाऊजींचे ओठ निळे पडले होते. तिनं गळ्यातली पोत काढून सोबत आलेल्या माझ्या मुलाच्या हाती दिली आणि सोनाराकडे पाठवलं.

भाऊजी वाचले. तिथल्या डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी वाचवले, हे ताई नेहमी आधी सांगायची. त्यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. खाली बिल सांगितलं तेव्हा आमच्याजवळचं सगळं मिळूनही ते पुरत नव्हतं. पैसे भरल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. नातेवाइकांकडून जमवाजमव होईपर्यंत भाऊजी चांगले हिंडतेफिरते असून त्या खाटेवर बसून राहिले. पैसे घेऊन गेलो तर बिल वाढलेलं.

"हे वरचे कायचे?" ताईनं विचारलं.

"बेडचे," काउंटरवरचा तरुण म्हणाला. "पेशंट अजून बेडवरच आहे ना मावशी."

"पैसे नाही म्हनून तुमीच ठेवलं. अन् आता ठेवल्याचे बी पैसे?"

तो म्हणाला, नियम आहे. ताई ओरडली नाही. तिथल्याच खुर्चीवर बसली आणि बिल भरायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागली, "तुमाले सांगतलं का कायचे पैसे हायेत ते?" कुणालाच सांगितलेलं नव्हतं. हळूहळू माणसं थांबायला लागली, रांगेचा घोळका झाला. संध्याकाळी मोठे डॉक्टर खाली आले आणि त्यांनी ते वरचे दिवस खोडले. बाकीचं सगळं भरावंच लागलं. पोत पुन्हा झालीच नाही. मला राग येत होता; ती मात्र गाडीत भाऊजींच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली.

त्यानंतर पार कोंढा गावापासून माणसं तिच्याकडे यायची. कुणाचा बाप भरती, कुणाची सून. "सिंधूबाई, जरा चाला ना संगं." टोपली शेजारणीकडे सोपवून ती जायची. दर वेळी काही जमायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्याचं प्रेत पैसे भरेपर्यंत दिलं नाही. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. "जितं मानूस अडवलं तं भांडता येते गं," म्हणाली. "मेल्यावर भांडाले लाज वाटते, हेच त्यायले ठाऊक हाये..."

अशी ही बाई स्वतःच्या वेळेला मात्र हटून बसली. पोटात गाठ होती, ती तिनं लपवली. मला कळलं तेव्हा ती अर्धी झाली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला जा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "मी भरते पैसे, तू फक्त चाल."

"तू आज भरशीन. बिल उद्या बी येते, परवा बी येते. तुया पोरीची, पूर्वाची फी भर आधी."

"सरकारीत जाऊ ना! तिथं कोण अडवते तुले?"

"तिथून बी पुढं धाडतेत, रंजू. मांगच्या खेपेले तसंच झालं होतं."

"तू दुसऱ्यायसाठी जातस अन् स्वतःसाठी काहून नाही?"

ती म्हणाली, "दुसऱ्यायसंग मी मोकळी राहतो. खाटेवर पडलो तं माह्यासाठी हे उभे राहतीन. यायले बोलता येते का?" भाऊजी दारातच होते. त्यांनी ते ऐकलं.

शेवटी नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तेरवीनंतर मी परत आले. परवा पुन्हा आसगावला गेले, तर घराला कडी. भाऊजी संध्याकाळी परतले, अंगात धुतलेला सदरा. शेजारच्या वच्छलाबाईंच्या नवऱ्याला दवाखान्यातून आणायला गेले होते. बाई सवयीनं ताईच्या दारात आल्या होत्या, मग एकदम आठवून रडायलाच लागल्या. तेव्हा भाऊजी उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

"मग काउंटरवर काय बोललात?" मी विचारलं.

"आकडा सांगतला त्यानं. मी म्हनलो, लिहून दे. तो म्हने, बाजूले व्हा." भाऊजींनी माठातून पाणी घेतलं, प्यायले. "मले तिच्यावानी बोलता येत नाही, रंजू. मी फक्त हाललो नाही."