पहिल्या ओळीतल्या सरजाबाई

सरजाबाई ढवारे माझ्या टेबलापुढे पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा छताचा पंखा बंद पडला, दौतीतली शाई वाळली आणि कपाटातली झुरळं रजेचा अर्ज न देता निघून गेली. बाईंची उंची साडेचार फूट. आवाज मात्र चढावर लागलेल्या लोहा गावच्या एसटीचा.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळ नेहमीचाच होता. आमच्या कचेरीत नव्या जिल्ह्याची रेशनकार्डं लिहिणं चालू होतं. तालुका कुठला ते सांगत नाही, अजून नोकरीत आहे.

"मालकाचं नाव?" मी विचारलं.

बाईंनी पदर सावरला.

नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्याकडच्या बायका लाजतात, हे मला ठाऊक. मी समजूतदारपणे म्हणालो, "उखाण्यात घ्या."

झालं! मागच्या रांगेलाच चेव आला. "देवाचं नाव हाय का?" "नाव लई अवघड दिसतंय!" रांगेतले म्हातारे गुरुबसप्पा तर स्वतःच उखाणा जुळवू लागले.

"मारोती! मारोती! मारोती!" बाई कडाडल्या. "निवलात का? तीन सालं झाली, हैदराबादला हाय. जुनं कार्डबी संगं नेलं. खडी फोडून तीन लेकरं मी पोसते. पहिलं नाव माझं लिवा, सायब. त्याबिगर धान्य भेटंना."

"बाई, कुटुंबप्रमुख पुरुषच असतो. नियम आहे."

"कुठं लिवलाय? दावा की."

मी ऐटीत फाईल उघडली. मग दुसरी. मग सातवी. बाईंनी तिथंच मांडी घातली, भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकर मला दिली. दुपारपर्यंत 'प्रमुख' पंचवीस ठिकाणी सापडला, 'पुरुष' एकाही ठिकाणी नाही. अकरा वर्षं तो मीच पदरचा घालत होतो!

व्यंकटराव तहसीलदारांना विचारलं. ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "लिहा. आमच्या घरी मात्र सांगू नका."

नाव चढलं. बाईंनी ते गुरुबसप्पांकडून तीनदा वाचून घेतलं. "आता कसं!" म्हणाल्या. मागच्या चार बाया लगेच पुढे सरकल्या.

दोन वर्षं बाईंनी त्या कार्डावर ज्वारी नेली. मग मारोती परतला. लेकरांच्या खाली, पाचव्या ओळीत, त्याचं नाव मीच घातलं. नेमकी त्या महिन्यात रेशनच्या दुकानात ज्वारीच आली नव्हती.