दादाचा मेल घरभर

आमच्या परळीच्या घरात खासगी पत्र हा प्रकारच नव्हता. दादा बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला तेव्हा त्याची पत्रं आण्णा, म्हणजे आमचे वडील, आपल्या लोखंडाच्या दुकानात खिळे तोलता तोलता गिऱ्हाइकांना वाचून दाखवत. गिऱ्हाइकाला घाई असली तरी ऐकावं लागे. पुढे दादा पत्रं सोडून मेल लिहायला लागला, तेही फक्त मला. झालं. अंबाजोगाईचे काका रुसले, लातूरची आत्या रुसली. "आमी काय परके हाव का गं?" ऐकून ऐकून माझं डोकं उठलं.

मग एका दुपारी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मीच तोड काढली. सगळ्यांच्या पत्त्यांचा एक गट केला, त्याला 'घर' नाव दिलं आणि दादाचा मेल मला आला की आपोआप 'घर'लाही जाईल अशी सोय लावून टाकली. आण्णांना कुठला आलाय मेल? त्यांच्यासाठी गटात कॅफेवाल्या भाईंचा पत्ता घातला. भाई मेल छापायचे आणि कागद दुकानात नेऊन द्यायचे. सगळे खूश झाले, आणि मी तर स्वतःवर लई खूश होते.

त्या वर्षी कॉम्प्युटरच्या धंद्यात मंदी आली. एके दिवशी कॅफेत त्याचा मेल उघडला. "मला कामावरून काढलंय. आण्णांना काही कळू देऊ नकोस. त्यांना सोसायचं नाही." मला रडूच आलं. ओढणीनं डोळे पुसले आणि ठरवलं, हे आपण एकटीनं पोटात ठेवायचं. अगदी पक्कं ठरवलं.

उठताना भाई म्हणाले, "ताई, कागद सकाळीच देऊन आलो. आज लई बारीक हाय, अर्धं पान बी न्हाई."

मूर्खपणा माझा, पण वाटभर शिव्या मी दादाच्या कंपनीला घातल्या. दुकानात पोचले तर आण्णा एका शेतकऱ्याला कडी-कोयंडा दाखवत होते. घडी केलेला कागद सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता.

"पोराचं काय पत्रबित्र?" त्या माणसानं विचारलं.

"न्हाई आलं या आठवड्याला," आण्णा म्हणाले.

तो गेल्यावरही ते माझ्याकडे बघेनात. बिजागऱ्यांचे खोके उगाच इकडचे तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "ते समद्यांना आपोआप जातंय, ते बंद करता येतं का?"

"येतं."

"मग आधी ते बंद कर. आन् त्याला माझ्याकडून लिही." त्यांनी घसा खाकरला. "लिही की, तुझं पत्र मला मिळालेलं न्हाई. चार दिवस घरी ये."