मधोमध ठेवलेला डबा

दुपारी आमच्या बेकरीच्या पायरीवर शाळेची मुलं डबे मधोमध ठेवून जेवतात, कुणाचाही हात कुणाच्याही डब्यात. बदामाच्या झाडाची सावली त्यांच्यावर संथ हलत असते.

आज त्यातला चष्मेवाला सहज म्हणाला, “मला ब तुकडीतला तो कबड्डीवाला आवडतो.”

काउंटरमागे माझा हात पावावरच थांबला. दहावीत मीही असंच, एक मुलगा आवडतो म्हणून, सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याला कुणी हात लावला नाही. आईनं दिलेली भाजी तशीच घरी जायची. मग शाळा कायमची सुटली, गावही लांब राहिलं.

भीत भीत मी त्या मुलाच्या डब्याकडे बघत राहिलो.

“तो?” शेजारची मुलगी हसली. “अरे, तो घामट आहे नुसता!” आणि तिनं त्याची शेवटची भेंडी उचलली.

“ए, माझी होती ती!”

एवढंच. मला थांबल्यासारखी वाटलेली सावली पुन्हा हलायला लागली. एक हात पुढे येतो, तेवढ्यात माणसाचं केवढं आयुष्य मावतं!

आतून मालकीणकाकूंची हाक आली, “ये रे जेवायला. तुझ्या डब्यातलं लोणचं आण.” त्यांना माझं सगळं ठाऊक आहे.

आत जाऊन मी डबा आमच्या मधोमध ठेवला.